मायची सवत

आमच्या घरी बाबांची एक जुनी फटफटी होती आणि माय तिला सवत म्हणायची. थट्टेनं नाही, अगदी रोजच्या बोलण्यात. "जाय, तुह्या बाबाले जेवाले बोलाव, माह्या सवतीपाशी बसले असतीन," असं म्हणून ती मला ओसरीत पाठवायची, आणि बाबा खरंच तिथं गोणपाटावर बसून कुठलातरी नट रॉकेलमध्ये धूत असायचे. गाडी माझ्या जन्माच्याही आधी घरात आलेली. जंगल खात्यातले एक साहेब बदली होऊन जाताना ती विकून गेले होते, आणि त्यांच्याकडेही ती नवी आली नव्हती. टाकीवरचं कंपनीचं नाव कधीच गळून पडलेलं. पुढची गादी सायकलसारखी, खाली स्प्रिंग असलेली, आणि मागच्या चाकाच्या मडगार्डवर वेगळी चौकोनी गादी, बसायला नव्हे तर शिक्षा म्हणून बसवल्यासारखी. पण सुरू झाली की अख्ख्या गावाला कळायचं. दारव्ह्याच्या बाजूला आमच्या गावात तेव्हा दुसरी फटफटी नव्हती, म्हणून गाडी म्हटलं की तीच.

कापूस घरात यायला लागला की आमचं घर आणखी लहान व्हायचं. समोरची खोली आढ्यापर्यंत पांढरी होऊन जायची. त्या ढिगाच्या कडेला आम्ही झोपायचो, सकाळी उठलं की केसांत, पापण्यांवर कापसाचे तंतू. सरकीचा उग्र वास, चुलीवर शिजणाऱ्या तुरीच्या ओल्या शेंगांचा वास आणि त्यात ओसरीतून येणारा पेट्रोलचा वास, असं सगळं मिसळून आमच्या हिवाळ्याचा एक वास तयार झाला होता. आजही पेट्रोल पंपावर उभी राहिले की मला भूक लागते. नातीला हे सांगितलं तर ती हसते. मायला मात्र हा शेजार अजिबात आवडायचा नाही. "एक ठिनगी उडाली तं घरादाराची होळी होईन," ती म्हणायची, आणि कापूस आला की गाडी ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला ढकलायला लावायची.

पण खरं दुखणं कापसाचं नव्हतं. माय त्या गाडीवर बसली की गाडी बंद पडायची. पहिल्यांदा हे झालं ते दारव्ह्याच्या बाजारात, मी मांडीवर असताना. भर चौकात गाडी फट् करून थांबली, बाबा किक मारमारून घामाघूम झाले, भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसल्या. माय उतरली तशी गाडी सुरू झाली. बाबांचा स्वभाव मुळातच बोलका आणि लोकांना हसवायचा. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "वजन झेपत नाही बिचारीले!" माय तेव्हा काठीसारखी होती. ती तिथून बाजाराच्या बैलगाडीत बसून परत आली. पुढं आणखी दोन-तीनदा बाबांनी तिला आग्रहानं बसवलं, आणि दर वेळी तेच. माय उतरली की गाडी खुशाल चालू. त्यानंतर मायनं गाडीला हात लावणं सोडलं आणि तिचं नाव सवत ठेवलं. बाबा मात्र तो वजनाचा विनोद पाहुण्यांना सांगायचे. माय तेवढ्यात काहीतरी काम काढून आत जायची.

मी बाबांची एकुलती एक. गाडी उघडायची तर दुसरं माणूस लागतंच, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसायला लागले आणि मग उठलेच नाही. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत मला ती गाडी आमच्या चुलीइतकी ओळखीची झाली होती. बाबांचं शिकवणं सोपं होतं. "गाडीले दोनच गोष्टी लागते, कुंदे. पेट्रोल आन् ठिनगी. बंद पडली तं आधी पाह्यचं, दोनातलं कोन रुसलं." ठिणगी पाहायची तर प्लग काढायचा, त्याला टोपी लावून इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवायचा आणि किक मारायची. टोकाशी निळी ठिणगी टच्‌कन उडाली तर ठीक. पिवळी, मरगळलेली दिसली किंवा दिसलीच नाही, तर मागं मागं जायचं: प्लग, वायर, आणि मग झाकणाखालचे ते दोन लहानसे पाइंट, जे उघडमीट करून ठिणगी जन्माला घालतात. गाडीला बॅटरी नव्हतीच. इंजिन फिरलं की आतल्या मॅग्नेटोतून वीज निघायची. बाबा मला शेताच्या वाटेवर गाडी चालवायलाही द्यायचे, मायला न सांगता. मायला ते ठाऊक होतं. आमच्या घरात न सांगितलेलं सगळं सगळ्यांना ठाऊक असायचं.

त्या साली मायच्या भावाला, श्रावणमामाला, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मूल झालं. मुलगी. मामानं निरोपाबरोबर पेढे पाठवले होते आणि आता बारशाला मायची वाट पाहत होता. माय त्याची एकटीच बहीण. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तो मान घ्यायला माय इतकी वर्षं थांबली होती. नाव काय ठेवणार ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. बारसं उद्यावर होतं. माय सकाळपासून डिंकाचे लाडू वळत होती, बाळंतिणीसाठी. बाबा ओसरीत खाटेवर पडलेले. आदल्या आठवड्यात कापसाच्या बैलबंडीवरून उतरताना त्यांचा पाय मुरगळला होता. घोट्यावर हळद-चुन्याचा लेप, आणि तोंडानं सगळ्या घरावर हुकूम.

तेवढ्यात मामाचा शेजारी सुदाम सायकल दामटत दारात आला. पहाटेच निघाला असणार. पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "आक्का, बारसं आजच हाये. उद्या अमावस्या निंघाली. कोनाच्या ध्यानातच नव्हतं. दुपारून पाळन्यात घालतो म्हंते, तुमी लवकर या."

माय लाडू हातात धरून तशीच राहिली. सकाळची एसटी केव्हाच गेली होती आणि पुढची संध्याकाळी. जीपही नाही, कारण त्या दिवशी सगळ्या जीपा दारव्ह्याच्या आठवडी बाजाराला उलट्या दिशेनं लागलेल्या. आणि मामाचं गाव दिग्रसच्याही पुढं, आतल्या रस्त्याला. बाबा खाटेवरून म्हणाले, "बैलगाडी जुपू काय?" पण बैलगाडीनं पोचेपर्यंत बाळ चालायला लागलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. सुदामला सायकलवर डबलसीट न्यायची हिंमत होईना. मग मायनं लाडू परातीत ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडं पाहिलं.

"कुंदे, तुले ते चालवता येते नं?"

"कोनतं?" मी विचारलं, जणू घरात दहा गाड्या होत्या.

"तेच. माही सवत."

बाबा खाटेवर उठून बसले. मुरगळलेला पाय ते विसरले आणि लगेच ओरडलेही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जी उजेडाची रेघ आली ती मी विसरले नाही. इतक्या वर्षांत मायनं पहिल्यांदाच स्वतःहून गाडी काढायला सांगितली होती!

माय आत जाऊन हिरवं लुगडं नेसू लागली आणि मी गाडी अंगणात काढली. बाबा पडल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. इंजिन नुसतं खोकलं. प्लग काढला तर ओला, पेट्रोलचा वास येणारा. "पेट्रोल येऊन राह्यलं म्हंजे," बाबा खाटेवरून म्हणाले, "ठिनगी पाह्य." प्लग पुसून डोक्यावर आडवा ठेवला, हाताचा आडोसा करून किक मारली. ठिणगी होती, पण पिवळी, म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखी. मग बाजूचं झाकण काढलं. पाइंटांवर काळपट थर चढलेला. पॉलिश पेपरचा तुकडा मधे सरकवून मी ते घासले, स्वच्छ फडक्यानं पुसले, आणि बाबांनी जपून ठेवलेली पातळ पत्ती मधे घालून फट बरोबर केली. पत्ती अडत अडत सरकली पाहिजे, ढिली नको आणि घट्टही नको. पुन्हा किक. टच्‌! निळी. बाबांनी खाटेवर टाळी वाजवली. प्लग बसवला, आणि दुसऱ्या किकला गाडी अशी गरजली की कोंबड्या कुडावर चढल्या.

गाडीचा आवाज ऐकून शेजारची गोकुळाकाकू आली. तिच्यामागं आणखी बाया. माय लुगडं नेसून, हातात लाडवांचा डबा असलेली पिशवी घेऊन बाहेर आली. मी पुढं बसले. माय मागच्या गादीवर एका बाजूनं, दोन्ही पाय डावीकडं सोडून बसली, जशी सगळ्या बायका बसतात.

गाडी बंद.

माय उतरली. मी किक मारली. सुरू. माय बसली. बंद. गोकुळाकाकू हळूच म्हणाली, "तिले तू मानवतच नाई बाई. लिंबू उतरून टाक एखादं." आणि बाबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सांगतलं व्हतं नं म्या, वजन झेपत नाही तिले—"

वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांना कळलं. मायनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. पिशवी उचलली, पदर खोचला आणि फाटकाकडं चालायला लागली. "मी पायी जातो," एवढंच म्हणाली. आमच्याकडं बाईसुद्धा 'मी जातो'च म्हणते, आणि त्या दिवशी तर ते ऐकायला फार एकटं वाटलं. तिचे डोळे भरलेले होते. मी मायला रडताना क्वचितच पाहिलं होतं.

मी धावत जाऊन तिच्या हातातली पिशवी धरली. "माय, थांब. जाऊ नको. नुसती बस गाडीवर. सुरू नाई करत मी. फक्त बस."

"लोकाइले तमाशा दाखवाले?"

"मले पाह्यचं हाये. दोनातलं कोन रुसते ते."

ती आली. कशी आली कोण जाणे. एका बाजूनं बसली, तोंड भिंतीकडं करून. मी प्लग काढून पुन्हा इंजिनाच्या डोक्यावर ठेवला. किक मारली. ठिणगी नाही. "उठ, माय." ती उठली. किक. निळी, टपोरी. "बस." नाही. "उठ." आहे. बाबा आता खाट सोडून भिंतीला धरून लंगडत आमच्यापर्यंत आले होते. पेट्रोलचा काही संबंध नव्हता. माय बसली की ठिणगीच मरत होती, कोणी किल्ली फिरवून बंद करावी तशी. माझ्या डोक्यात ते वाक्य तसंच अडकलं: किल्ली फिरवून बंद करावी तशी.

"माय, आता दोन्हीकडं पाय टाकून बस."

"अवं माय वो!" गोकुळाकाकू म्हणाली.

मायनं तिच्याकडं एक नजर टाकली. मग माझ्याकडं. तिचं लुगडं कासोट्याचं, शेतात ते नेसूनच ती मचाणावर चढायची, बांध उड्या मारून पार करायची. तिनं डब्याची पिशवी गोकुळाकाकूच्या हातात दिली आणि पाय पलीकडं टाकला. मी किक मारली. ठिणगी होती! एका बाजूनं बसवलं, गेली. दोन्हीकडं पाय, आली. मग मला राहवेना. पाना घेतला, गादीचे दोन्ही बोल्ट सोडले आणि गादी उचलली. खाली डाव्या कडेला एक वायर होती. कुठंच न जाणारी. तिचं टोक उघडं, आणि तांब्याचा तेवढा भाग घासून घासून लखलखीत झालेला. गादीची डावी कड दबली की तिचा पत्रा त्या टोकाला गाडीच्या अंगाशी चेपायचा, आणि वीज तिथंच मुरायची.

बाबांनी वायर बोटानं धरली आणि तिचं टोक उजेडाकडं वळवलं. मग म्हणाले, "साह्यबाचा चोरस्विच." जंगलातल्या त्या साहेबांनी गाडी कोणी पळवू नये म्हणून गादीखाली गुपचूप एक स्विच बसवून घेतला होता. जाताना स्विच काढला, वायर राहिली, तिच्या टोकाला गुंडाळलेली चिकटपट्टी कधीतरी वाळून पडली. बाबा एकटे पुढं बसायचे. पोतं टाकलं तर मधोमध. मित्र बसला तर दोन्हीकडं पाय टाकून. एका बाजूनं, सगळा भार डावीकडं टाकून, त्या गादीवर आयुष्यात फक्त माय बसली होती.

"तू उतरली का गाडी सुरू व्हाची," बाबा मायला म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "सुरू झाली म्हंजे मी म्हणो, झालं. तुले बसवून म्या कधी पाह्यलंच नाई. मी नुसता हसत राह्यलो."

माय ती वायर बघत होती. "म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "खरंच माह्याच वजनानं बंद पडत व्हती?"

आणि मग माय हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून. हसता हसता तिनं भिंत धरली. गोकुळाकाकू हसली, बाबा हसले आणि पाय दुखला म्हणून विव्हळत पुन्हा हसले. मी मात्र घाई केली. वायरचं टोक कापलं, सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यावर आवळून बांधली, ते आत खोचलं आणि गादी परत बसवली. "आता कशीही बस, माय." माय म्हणाली, "एका बाजूनं पडाची भीती वाटते," आणि दोन्हीकडं पाय टाकूनच बसली. खरं तर तिला ते आवडलं होतं.

रस्त्याला लागलो तेव्हा मी गाडी कडेकडेनंच घेत होते. शेताची वाट वेगळी आणि डांबरी रस्ता वेगळा, त्यात मागं माय. तिनं एका हातानं माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्यानं डबा पोटाशी. दोन्ही बाजूला कापसाची पऱ्हाटी पांढरी झालेली. वेचणीच्या बाया आवाजानं कंबर सरळ करून उभ्या राहायच्या, आणि चालवणारीही बाई, बसणारीही बाई हे दिसलं की ओरडून हात हलवायच्या. पहिल्या शेताला माय गप्प बसली. दुसऱ्याला तिनं हात हलवला. पुढं पुढं तर बाया दिसायच्या आधीच तिचा हात वर. दिग्रसला जिनिंगच्या कारखान्यापुढं कापसाच्या बंड्यांची रांग रस्त्यावर आलेली. मी गाडी हळू केली, इंजिन गुरगुरलं. इथं बंद पडली तर? मायच्या हाताची पकड घट्ट झाली, तीही तोच विचार करत होती. गाडी बंद पडली नाही. रांग संपली तेव्हा माय मोठ्यानं म्हणाली, "चालली!" एवढ्यावर आम्ही दोघी गावभर हसत निघालो.

मामाच्या अंगणात पाळणा बांधून बाया खोळंबल्या होत्या. मामा फाटकापर्यंत धावत आला, आधी मायच्या पाया पडला आणि मग रस्त्याकडं पाहत म्हणाला, "भाऊजी कुठं हायेत? गाडी लावून राह्यले काय?"

"ते घरी हाये, पाय मुरगळला," माय म्हणाली.

"मंग गाडी कोनं आनली?"

माय उतरली, लुगडं नीट केलं, डबा मामाच्या हातात दिला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माह्या पोरीनं." मग ती पाळण्यापाशी गेली, वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायांनी तिच्या पाठीवर धपाधप धपके मारले. शोभा. एवढं साधं नाव तिनं इतके दिवस लपवून ठेवलं होतं. शोभा आता पुसदला असते, तिची मुलंही मोठी झाली, आणि अजूनही फोनवर मला विचारते, "आक्का, आत्यानं खरंच दोन्हीकडं पाय टाकले व्हते?"

घुगऱ्या खाऊन, ओटी घेऊन आम्ही निघालो तेव्हा उन्हं कलली होती. रस्ता मोकळा होता. दिग्रस मागं पडलं आणि मला मागून काहीतरी ऐकू यायला लागलं. आधी वाटलं इंजिनातच काही बिघडलं. मी कान दिला. माय गात होती. मायला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. जात्यावरही ती मुकी असायची, बाकीच्या बायांनाच पुढं करायची. तिला वाटत होतं की एवढ्या फटफटीत कोणाला काय ऐकू येतंय. पाळणाच होता, पण शब्द तिचे स्वतःचे, त्यात शोभाचं नाव, मामाचं नाव, मधे माझंही. आवाज मोकळा, उंच, जरा फाटका आणि फार गोड. मी मान वळवली नाही. वळवली असती तर ती थांबली असती. गाडी मी हळू केली, एवढी हळू की गाणं वरचढ व्हावं.

आमच्या गावचं वळण आलं. निंबाखाली बाबा काठी टेकून उभे दिसले, तेवढं चालत आले होते बिचारे. त्यांनी हात वर केला. मीही हात वर केला, आणि वळण सोडून सरळ दारव्ह्याच्या रस्त्याला लागले. मायला वळण दिसलं होतं, बाबाही दिसले होते. तिनं पुढचं कडवं धरलं.